शिशाचा छर्रा, कथलाचा छर्रा आणि पारध्याचा फास

कळंब हे नाव उच्चारले की वसईकर वाचकांच्या डोळ्यांपुढे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचा समुद्रकिनारा उभा राहतो; विदर्भातील वाचकांस यवतमाळ जिल्ह्यातील चिंतामणीचे कळंब आठवते. आम्हांस येथे अभिप्रेत असलेले कळंब तिसरे. ते मराठवाड्यात, धाराशिव म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, मांजरा नदीच्या काठी वसलेले आहे. एका अंगाला मांजरेची काळी कसदार जमीन आणि दुसऱ्या अंगाला बालाघाटचे उघडे माळ, असा हा मुलूख. येथील रानाला घनदाट जंगल म्हणता येणार नाही. बाभळी, बोरी, कुसळी गवत, ज्वारीची ताटे आणि त्यांच्या आश्रयाने जगणारे ससे, तितर, लावे, होले, पारवे हीच या रानाची श्रीमंती. वाघाच्या शिकारीच्या कथा अशा मुलखात फारशा घडत नाहीत. येथील शिकार नेहमीच लहान जिवांची, आणि लहान जिवांच्या शिकारीचा इतिहास कोणी लिहीत नाही.

तो इतिहास थोडासा चाळावा असे वाटण्यास कारण घडले ते एका परदेशी वादाचे. युरोप-अमेरिकेत गेली काही दशके असा विचार चालला आहे की, बंदुकीच्या छर्ऱ्यात शिसे असू नये. त्याऐवजी कथील, जस्त, पोलाद, तांबे, बिस्मथ असे दुसरे काही असावे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या, आपल्याकडे ‘छर्ऱ्याची बंदूक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साध्या बंदुकीपर्यंत हा वाद पोहोचला आहे. कळंब तालुक्यातील येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते. आपल्याकडच्या अशा कोणत्याही जत्रेत फळीवर रंगीत फुगे मांडून बसलेला मनुष्य दहा-वीस रुपयांत जी बंदूक हाती देतो, तीच ही. खेळणे म्हणून तिच्याकडे पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. तिचा इतिहास मात्र खेळण्याचा नाही.

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरांदोनी नावाच्या तिरोली कारागिराने घडविलेली हवेची बंदूक प्रत्यक्ष युद्धात वापरली. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी होती. ती पंपाने भरावी लागे. धूर नाही, ठिणगी नाही, दारू पावसात भिजण्याचे भय नाही. अशीच एक बंदूक पुढे १८०४ ते १८०६ या काळात लुइस आणि क्लार्क यांनी अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळताना सोबत नेली आणि वाटेत भेटलेल्या आदिवासींना ती चालवून दाखविली. हवा कोंडण्याची युक्ती नवी होती. नळीतून बाहेर पडणारी गोळी मात्र जुन्याच धातूची, शिशाची होती.

शिशाला लॅटिन भाषेत ‘प्लुंबुम’ म्हणतात. सेमिनरीत लॅटिनचे पाठ गिरविलेल्यांना हे ठाऊकच आहे; इतरांनी इतके ध्यानात ठेवावे की, नळ दुरुस्त करावयास येणारा प्लंबर आपले नाव याच शब्दावरून घेऊन आला, कारण रोमन लोकांचे पाण्याचे नळ शिशाचे असत. पवित्र शास्त्रातही शिसे येते. तांबड्या समुद्रात फारोचे सैन्य कसे बुडाले हे सांगताना निर्गमाच्या पुस्तकातील गीतकर्त्याला शिशाचीच उपमा सुचली. जड, मऊ आणि चुलीच्या आचेवरही वितळणारा हा धातू. पाण्याच्या अकरा पटींहून अधिक त्याचे वजन आणि सुमारे ३२७ अंश सेल्सियसला त्याचे पाणी होते. गोळी ओतणाऱ्यास याहून सोयीचा धातू शोधून सापडला नसता.

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी विल्यम वॉट्स नावाचा एक प्लंबर होता. त्याने १७८२ मध्ये बारीक छर्रे पाडण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. तोवर छर्रे साच्यात ओतीत किंवा पत्रा कापून करीत. ते ओबडधोबड होत. वॉट्सने राहत्या घरावर मजले चढवून खाली विहिरीसारखा खड्डा खणला आणि वितळलेले शिसे वरून चाळणीतून खाली सोडले. पावसाचा थेंब जसा पडता पडता गोल होतो तसे शिशाचे थेंब हवेत गोल झाले आणि खालच्या पाण्यात पडून गोठले. थेंब नीट गोल व्हावेत म्हणून त्यात किंचित सोमल मिसळीत. ही कल्पना स्वप्नात सुचली अशी आख्यायिका तेथे सांगतात. प्लंबरच्या स्वप्नाने पुढे किती पाखरे मारली याचा हिशेब कोणाजवळ असणार?

आपल्या या भागाला बंदूक-तोफांची ओळख फार जुनी. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी प्रचंड ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली जाण्यापूर्वी ती याच जिल्ह्यातील परंडा किल्ल्यावर होती. पण तोफ राजाची. सामान्य रानात बंदूक पोहोचली ती पुढे, ठासणीच्या रूपाने, आणि तीही सर्वांच्या हाती नव्हे. कळंबचा हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १८५३ च्या तहान्वये नळदुर्ग जिल्हा काही वर्षे इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तेव्हा तेथे फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी नेमला गेला. ठगांवरील कादंबरीमुळे त्याचे नाव वाचकांच्या परिचयाचे असेल. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत तेथेच राहिला. या काळात बंदूक म्हणजे प्रतिष्ठा. ती अंमलदाराच्या, जहागीरदाराच्या, फार तर बड्या पाटलाच्या भिंतीवर टांगलेली असे. सशा-तितरांची शिकार त्याच्या दृष्टीने सुट्टीचा विरंगुळा होता.

त्याच माळावर दुसराही एक शिकारी वावरत होता. त्याच्याजवळ बंदूक नव्हती, छर्रा नव्हता, परवाना तर नव्हताच. तो फासेपारधी. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे, ताताचे किंवा दोरीचे बारीक फास तो वळी. ते खुंट्यांना बांधून तितराच्या वाटेवर ओळीने मांडी. पिंजऱ्यातील पाळीव तितराला आरव द्यावयास लावी, आणि आव्हान ऐकून रानातला तितर तावातावाने धावत आला की त्याचा पाय फाशात अडके. सशासाठी वाघूर लावी. पाखराच्या बोलीची हुबेहूब नक्कल करणारा, मातीवरच्या ठशावरून जनावर कोणते, किती वेळापूर्वी गेले हे सांगणारा हा मनुष्य रानाचा खरा पंडित होता. सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील दीर्घ नोकरीत मराठीला पाखरांचे आणि झाडांचे जे शब्दभांडार दिले, त्यातले कितीतरी शब्द आदिवासींच्या आणि अशाच रानात राबणाऱ्या माणसांच्या तोंडचे आहेत. २०२५ च्या जून महिन्यात चितमपल्ली निवर्तले. त्या शब्दांचे ऋण मराठीवर राहिले.

शिशाशिवायची शिकार हा परदेशातला आजचा नवा शोध आमच्या पारध्याच्या झोळीत पिढ्यान्‌पिढ्या होता. फास दयाळू असतो असे आम्ही म्हणणार नाही. पाय अडकलेल्या पाखराची धडपड ज्याने पाहिली आहे तो तसे म्हणू शकणार नाही. पण फाशाने मातीत विष सोडले नाही. फास उचलला की रान पूर्वी होते तसेच राही. बंदुकीचे तसे नाही. एका काडतुसात शेकडो छर्रे असतात. त्यांतील पाच-सात पाखराला लागतात, बाकीचे शेतात, तळ्यात, माळावर विखुरतात आणि तेथेच राहतात.

या विखुरलेल्या छर्ऱ्यांचा उपद्रव प्रथम पाणपक्ष्यांच्या बाबतीत ध्यानी आला. बदकांना दात नसतात; धान्य दळण्यासाठी ती बारीक खडे गिळून पोटातील जात्यात, म्हणजे पेषणीत, साठवितात. खडा समजून ती छर्रा गिळत. मग पेषणी धान्याबरोबर शिसेही दळी आणि ते रक्तात उतरे. १८९४ मध्येच अमेरिकेतील ग्रिनेल याने आपल्या नियतकालिकात याविषयी लिहिले. १९५९ मध्ये बेलरोझ या संशोधकाने उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी या विषाने मरतात असा अंदाज मांडला. ते वाचल्यावरही राज्यकर्त्यांना तीस वर्षे लागली: पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकेने १९९१ मध्ये सर्वत्र बंद केले. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिकारीतून शिशाचे छर्रेच हद्दपार केले. युरोपीय संघात पाणथळ जागी व त्यांच्या परिसरात शिशाचे छर्रे वापरण्यास फेब्रुवारी २०२३ पासून बंदी आहे.

कॅलिफोर्नियातील काँडोर या प्रचंड गिधाडाची कथा अधिक करुण आहे. शिकाऱ्याने टाकून दिलेली आतडी, जखमी होऊन पुढे मेलेली जनावरे हे त्याचे अन्न; आणि त्या मांसात शिशाचे कण. १९८७ मध्ये रानातला शेवटचा काँडोर पकडून पिंजऱ्यात आणला तेव्हा जगात ते अवघे २७ उरले होते. पिंजऱ्यात वीण वाढवून त्यांना पुन्हा आकाशात सोडले, तरी शिसे त्यांना मारीतच राहिले. अखेर कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यास मनाई केली. मराठवाड्यातील वाचकास हे ऐकून आपल्याकडचीच गोष्ट आठवेल. मेलेल्या बैलाभोवती जमणारी गिधाडे आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. तेथे विष शिशाचे नव्हते, गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे होते. २००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठी ते बंद केले. दोन्हीकडे मारणाऱ्याचा हेतू गिधाडाला मारण्याचा नव्हता, हे साम्य आम्हांस फार अस्वस्थ करते.

आता छर्ऱ्याच्या बंदुकीकडे वळू. तिच्या नळीचा व्यास बहुधा साडेचार किंवा साडेपाच मिलिमीटर. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. कमरेत बारीक, मागे घेरदार. हा घेर मऊ असल्याने हवेच्या दाबाने नळीच्या आतील आट्यांना घट्ट बसतो, छर्रा गिरकी घेत बाहेर पडतो आणि म्हणून सरळ जातो. शिशाऐवजी बहुधा कथील घेतात. कथील म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हईवाला जे लावीत असे तेच. तेही मऊ, पण शिशाच्या मानाने फार हलके. त्यामुळे कथलाचा छर्रा नळीतून वेगाने सुटतो आणि लवकरच दमतो. लांबवर नेम चुकतो, पाखरू मरण्याऐवजी जायबंदी होऊन झुडपात शिरते. जवळून मारल्यास तो पुरेसा आहे असे जाणकार म्हणतात. पोलादाचा गोल छर्रा नळी खरवडतो आणि दगडावर आपटून मारणाऱ्याच्याच डोळ्याकडे उलटू शकतो. म्हणजे शिशाचा त्याग करणे वाटते तितके फुकटचे नाही. त्यासाठी शिकाऱ्याला अधिक जवळ जावे लागते, अधिक थांबावे लागते. पारध्याला हे अगोदरच येत होते.

ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये शिशाचे छर्रे आणि मोठ्या गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले, पण हवेच्या बंदुकीचा छर्रा त्यातून वगळला. क्रीडास्पर्धांतही शिसेच चालते. अंजली भागवतांपासून २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळविणाऱ्या अभिनव बिंद्रापर्यंत आपल्या नेमबाजांनी हवेच्या रायफलीतून झाडले ते छर्रे शिशाचेच. तेथे निदान ते एका पेटीत जमा होतात आणि पुन्हा वितळविता येतात.

शिशाविषयी आपण ख्रिस्ती लोकांनी जरा जपूनच बोलावे. आपल्या जुन्या मंदिरांच्या रंगीत काचा शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या आहेत. ऑर्गनच्या नळ्या कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाच्या असतात. पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी पेटले तेव्हा छपरावरील सुमारे ४०० टन शिसे आगीत सापडले आणि त्याची धूळ आसपासच्या शाळांपर्यंत गेली. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. छप्पर पुन्हा शिशाचेच घातले आहे. शिशाची रक्तातील कोणतीही मात्रा मुलांसाठी निर्धोक नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मेंदूच्या वाढीवर घाला घालते आणि लक्षणे बाहेर दिसतातच असे नाही. याच कारणास्तव भारतात २००० साली पेट्रोलमधून शिसे काढले गेले. छर्ऱ्याने मारलेल्या तितराच्या रश्शात ते राहू नये असे वाटणे यात काही अतिरेक नाही.

शिकारीविषयी चर्चची भूमिका सरळ रेषेत चाललेली नाही. शिकाऱ्यांचा आश्रयदाता संत ह्यूबर्ट; त्याचा सण ३ नोव्हेंबरला. सांबराच्या शिंगांमध्ये त्याला क्रूस दिसला आणि तो पालटला अशी कथा आहे. पुढे तो लीएजचा बिशप झाला. शिकार सोडून देणारा मनुष्य शिकाऱ्यांचा आश्रयदाता व्हावा, यातील विनोद मध्ययुगीन लोकांच्या लक्षात आला की नाही कोण जाणे. धर्मगुरूंना मात्र शिकारीची मुभा नव्हती. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने त्यांना शिकार व पाखरे धरणे वर्ज्य केले, शिकारी कुत्रे आणि ससाणेही पाळू नयेत असे बजावले. १९१७ च्या धर्मविधिसंहितेतही धर्मगुरूने शिकारीच्या नादी लागू नये आणि गाजावाजाची शिकार तर कधीच करू नये असे कलम होते. १९८३ च्या संहितेत ते स्वतंत्रपणे उरले नाही. नियम ज्या अर्थी पुन्हा पुन्हा करावा लागला त्या अर्थी तो मोडलाही जात असावा. सर्वसामान्यांना अनुवादाच्या पुस्तकातील ती आज्ञा पुरेशी आहे: घरट्यात पिलांवर बसलेली आई सापडली तर तिला सोडून द्यावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीतील प्रत्येक जिवाला स्वतःचे मोल आहे असे जे सांगितले, त्याचे बीज येथे आहे.

चिमणीचे मोल प्रभू येशूने सांगितले ते दोन पैशांच्या भाषेत. छर्ऱ्याच्या बंदुकीच्या इतिहासातील आपल्या महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध शिकारही चिमणीचीच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या एका पोरक्या मुलाने मामांनी दिलेल्या हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हे पाखरू खाण्यास चालते की नाही, असा प्रश्न त्याला पडला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळात पाठविले. तेथे मिलर्ड या सचिवांनी चिमणी ओळखली आणि भुसा भरलेल्या पाखरांची कपाटे मुलापुढे उघडली. हाच मुलगा पुढे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली झाला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीच्या पडण्याचेच नाव दिले. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली. त्या काळी पाखरू नीट ओळखावयाचे तर ते मारूनच हाती घ्यावे लागे. तेथेही छर्राच उपयोगी पडला.

पारध्यासाठी कोणतेही कपाट उघडले नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो शिक्का कागदावरून पुसला गेला, गावांच्या मनावरून तो अजून पुरता पुसलेला नाही. कोठे चोरी झाली की पहिली झडती पारध्याच्या पालाची, हे धाराशिव जिल्ह्यात कोणासही विचारावे.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात प्रारंभी शिकारीचे परवाने होते, आणि त्यांत लहान जनावरांच्या शिकारीचा वेगळा परवाना होता. ससे-तितर त्यात येत. परवाना काढणे, शुल्क भरणे, बंदूक बाळगणे हे ज्याला जमे त्याने तितर मारला तर तो शौक. फासेपारध्याने धरला तर तो गुन्हा. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवानेच रद्द केले आणि दोघेही एका पातळीवर आले. निदान कागदावर आले. एकाचा रविवारचा विरंगुळा गेला, दुसऱ्याची संध्याकाळची भाकरी गेली. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची जुनी अनुसूचीही काढून टाकली. पिकात रानडुकरे शिरतात ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे; पण तिच्यासाठी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची वेगळी वाट आहे, आणि छर्ऱ्याची बंदूक रानडुकरापुढे कुचकामी आहे.

म्हणून कळंबच्या शिवारात एखाद्या तरुणाने विनापरवाना मिळणारी छर्ऱ्याची बंदूक घेतली आणि तितरावर रोखली, तर छर्रा शिशाचा की कथलाचा हा प्रश्न उद्भवतच नाही. ठराविक शक्तीपेक्षा कमी जोराच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाही, याचा अर्थ तिने पाखरू मारण्यास परवानगी आहे असा अनेक जण करून घेतात. तो सपशेल चुकीचा आहे. कथलाचा छर्रा ही ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तेथील विवेकाची बाब. आपल्याकडे तिचा उपयोग फार तर फुग्यांच्या फळीपुढे आणि नेमबाजीच्या मैदानावर. तेथे मात्र तिचा विचार अवश्य व्हावा, कारण जत्रेतला तो मनुष्य दिवसभर शिसे हाताळतो आणि त्याच हातांनी भाकरी मोडतो.

पारध्याच्या विद्येचे काय करावयाचे, याचे एक उत्तर विदर्भात मिळाले आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांनाच सोबत घेऊन तणमोर या दुर्मीळ पाखराच्या रक्षणाचे काम उभे केले. गवताळ माळावर तणमोर कोठे उतरतो, मादी अंडी कोठे घालते हे ज्यांचे वाडवडील फास मांडण्यासाठी शिकले, ते आता त्या जागा राखतात. गवत जळू देत नाहीत, गुरे शिरू देत नाहीत. बालाघाटच्या माळावर तणमोर नसला तरी तितर आहे, लावा आहे, ससा आहे, आणि त्यांची भाषा जाणणारी पारध्यांची पाले कळंब तालुक्यातही आहेत. ज्वारी हुरड्यात आली की आजही शेतकरी राखणीसाठी त्यांच्यापैकीच कोणाला तरी मळ्यात बोलावून आणतो.